गेस्टला दिलेला शब्द: पॉवर प्रोसेसरवर केव्हीएममधला कॉम्पॅटिबिलिटी मोड

केव्हीएम हा लिनक्समधला हायपरव्हायझर, म्हणजे एका खऱ्या यंत्रावर (होस्टवर) आभासी यंत्रं (गेस्ट) चालवणारा कोड. नव्या प्रोसेसरवरच्या गेस्टला जुन्या पिढीचा प्रोसेसर दाखवणं म्हणजे कॉम्पॅटिबिलिटी मोड. समजा होस्ट पॉवर ९ चा आहे आणि त्यावरचा एक गेस्ट पॉवर ८ मोडमध्ये ठेवलाय. गेस्टमध्ये शिरून प्रॉक फाइलसिस्टममधली सीपीयूइन्फो उघडा. सीपीयूच्या ओळीत ‘पॉवर८ आर्किटेक्टेड’ असं दिसेल. दोन ओळी खाली रिव्हिजन आहे, आणि तिथे पीव्हीआर (प्रोसेसर व्हर्जन रजिस्टर) दिसतो ००४ई. हा आकडा पॉवर ९ चा. एक ओळ म्हणते मी आठ, दुसरी म्हणते मी नऊ. नवा माणूस हे पाहून बग नोंदवायला धावतो, पण तो बग नाही. प्रोसेसर व्हर्जन रजिस्टर वाचलं की खऱ्या सिलिकॉनचा आकडा मिळतो. गेस्टने ‘मी कोण’ हे ठरवायचं असतं डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे हायपरव्हायझरने दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनात, लिहून दिलेल्या आकड्यावरून.

कॉम्पॅटिबिलिटी मोडच्या कोडमध्ये जे जे बिघडतं त्याचं मूळ बहुधा इथेच सापडतं. हायपरव्हायझर गेस्टला एक शब्द देतो: तू अमुक पिढीच्या प्रोसेसरवर आहेस. हा शब्द एका रजिस्टरमध्ये, एका डिव्हाइस ट्रीमध्ये आणि मायग्रेशनच्या (चालू गेस्ट दुसऱ्या होस्टवर हलवण्याच्या) प्रवाहात, असा तीन ठिकाणी पाळावा लागतो. तिन्हीकडे एकच बोलणं असेल तर सगळं ठीक. एकीकडे जरी वेगळं बोललो, तरी महिन्याभराने कुठलातरी प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळतो आणि तेव्हा धागा सापडत नाही.

पुढचं सगळं लिनक्सच्या केव्हीएममधल्या पॉवर हायपरव्हायझर कोडबद्दल आहे, आणि वरच्या बाजूला क्वेमू, म्हणजे गेस्टचं यंत्र उभं करणारा प्रोग्रॅम, आहे असं धरून.

पायरी १: रजिस्टर नेमकं काय बंद करतं ते समजून घ्या

प्रोसेसर कॉम्पॅटिबिलिटी रजिस्टर, म्हणजे पीसीआर, हे विशेष रजिस्टर क्रमांक ३३८. ते फक्त हायपरव्हायझरला लिहिता येतं. त्याच्या खालच्या टोकाला आवृत्त्यांचे बिट आहेत: २.०५ साठी हेक्स २, २.०६ साठी ४, २.०७ साठी ८, ३.० साठी हेक्स १०. आवृत्ती म्हणजे पॉवर आर्किटेक्चरची आवृत्ती: पॉवर ६ ची २.०५, पॉवर ७ ची २.०६, पॉवर ८ ची २.०७, पॉवर ९ ची ३.० आणि पॉवर १० ची ३.१.

बिटाचा अर्थ मात्र उलटा आहे, आणि पहिल्यांदा वाचताना सगळे इथेच चकतात. २.०७ चा बिट १ केला म्हणजे २.०७ बंद झालं असं नाही. २.०७ नंतर जे नवीन आलं ते बंद झालं. म्हणजे हा बिट ‘इथपर्यंत थांब’ अशी रेघ मारतो. आणि जुन्या आवृत्तीचा बिट १ असेल तर त्यानंतरच्या आवृत्त्यांचे बिटही १ असलेच पाहिजेत. २.०६ वर थांबायचंय पण ३.० चं नवीन चालू राहू दे, असा प्रकार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे रजिस्टर फक्त प्रॉब्लेम स्टेटवर, म्हणजे गेस्टच्या यूजर प्रोग्रॅमांवर चालतं. गेस्टचं कर्नल सुपरवायझर स्टेटमध्ये असतं आणि तिथे पीसीआरचा धाक नाही. गेस्टचं कर्नल शब्द पाळतं ते त्याला डिव्हाइस ट्रीमध्ये जे सांगितलं त्यावर विश्वास ठेवून. म्हणून वर म्हटलं की शब्द एकट्या रजिस्टरने पाळता येत नाही.

एक्स८६ वरून आलेल्यांसाठी एक आडवाट. तिकडे सीपीयूआयडी इन्स्ट्रक्शन हायपरव्हायझरकडे अडकते आणि आपण उत्तरातले बिट झाकतो. पण बहुतेक इन्स्ट्रक्शन प्रत्यक्षात चालूच राहतात. सीपीयूआयडी न विचारता कुणी ती थेट वापरली तर ती खुशाल चालते. एव्हीएक्ससारख्या काही गोष्टी वेगळ्या मार्गाने खरोखर बंद करता येतात, पण तो अपवाद. पॉवरवर यूजर प्रोग्रॅमासाठी दरवाजा खरोखरच बंद होतो. त्यामुळे तिकडच्या सवयीने ‘झाकलं की झालं’ असं मानून इकडे कोड लिहू नका. उलटही खरं: इकडे जे फुटतं ते लगेच फुटतं, म्हणून चाचणी सोपी आहे.

पायरी २: तार्किक पीव्हीआर ते बिट असा तक्ता लिहा

क्वेमू कर्नलला कॉम्पॅटिबिलिटीची पातळी सांगतो ती एका वन-रजिस्टर (एका वेळी एक रजिस्टर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या) इंटरफेसमधून. हा दरवाजा २०१३ मध्ये पॉवर ७ वर पॉवर ६ मोड चालवण्यासाठी आला. त्यात जो आकडा जातो तो तार्किक पीव्हीआर, म्हणजे सिलिकॉनचा नव्हे तर आर्किटेक्चरच्या आवृत्तीचा आकडा: हेक्स ०एफ०००००२ म्हणजे २.०५, शेवटी ३ असेल तर २.०६, ४ असेल तर २.०७, ५ म्हणजे ३.०, ६ म्हणजे ३.१. यात एक खडा आहे. पॉवर ७ प्लससाठी ०एफ१०००००३ असा वेगळा आकडा आहे, पण पीसीआरच्या दृष्टीने तोही २.०६ च. दोन्ही आकडे एकाच बिटावर न्या. शून्य आलं तर अर्थ ‘बंधन नाही, प्रोसेसर आहे तसा द्या’.

अनोळखी आकडा आला तर चुकीचं मूल्य म्हणून सरळ नाकारा. ‘जवळचं काहीतरी देऊ’ ही उदारता इथे नको. वरच्या कोडला खात्री हवी असते की मागितलं ते मिळालं.

होस्टचा बिट कर्नलच्या सीपीयू फीचर बिटांवरून काढा, नव्यापासून जुन्याकडे तपासत. पीव्हीआरवरून काढू नका. एकाच पिढीत तीन-तीन पीव्हीआर असतात. पॉवर ८ मध्येच ००४बी, ००४सी आणि ००४डी आहेत.

पायरी ३: वजाबाकी

मला या कोडमधली सगळ्यात आवडती ओळ ही (राखीव बिटांचं पायरी ४ मध्ये येईल):

पीसीआर = (होस्ट बिट − गेस्ट बिट) | राखीव बिट

दोन्ही बिट दोनाच्या घातांकात आहेत. त्यांची वजाबाकी केली की मधले सगळे बिट आपोआप १ होतात. होस्ट पॉवर ९, म्हणजे हेक्स १०. गेस्टला २.०६ हवं, म्हणजे ४. हेक्स १० मधून ४ गेले, हेक्स सी उरलं. सी म्हणजे ८ आणि ४: २.०७ चा बिट आणि २.०६ चा बिट. ४ चा बिट म्हणतो २.०६ नंतरचं बंद, ८ चा म्हणतो २.०७ नंतरचंही बंद. पहिल्या पायरीत जो नियम पाहिला, की जुना बिट लागला तर नवे लागलेच पाहिजेत, तो वजाबाकीनेच पाळला. लूप नाही, तक्ता नाही.

होस्ट आणि गेस्ट एकाच पिढीचे असतील तर उत्तर शून्य, म्हणजे काहीच बंद नाही. गेस्टचा बिट होस्टपेक्षा मोठा असेल तर वजाबाकीच्या आधीच परत फिरा. नाहीतर ऋण संख्या बिनचिन्ही चलात शिरेल आणि रजिस्टरमध्ये कचरा जाईल.

पॉवर १० ला यात एक गंमत आहे. पीसीआरमध्ये ३.१ चा बिटच नाही, कारण ३.१ नंतरचं बंद करण्यासारखं त्या प्रोसेसरमध्ये काही नसतं. पण वजाबाकीला होस्टचा आकडा तर हवा. म्हणून कर्नलमध्ये ३.० च्या बिटाला एक घर डावीकडे सरकवून हेक्स २० असा नावापुरता आकडा केलाय. पॉवर १० वर पॉवर ८ गेस्ट म्हणजे २० वजा ८, हेक्स १८: ३.० आणि २.०७ चे बिट. तो नावापुरता आकडा रजिस्टरमध्ये कधीच जात नाही, फक्त हिशेबात असतो. नवीन पिढी जोडताना हेच करायचं. आणि स्विचमध्ये नव्या केसच्या शेवटी ब्रेक लिहायचा. पॅच पाहताना मी हे पहिल्यांदा बघतो.

पायरी ४: राखीव बिट १ ठेवा

आपल्याला शिकवलेलं असतं: राखीव बिटांना शून्य लिहा. बहुतेक रजिस्टरांसाठी ते बरोबर आहे. पीसीआरसाठी ते चूक.

कारण सोपं आहे. इथे बिट १ म्हणजे ‘बंद’. आज राखीव असलेला बिट उद्याच्या प्रोसेसरमध्ये एखाद्या नव्या सुविधेचा होईल. आजचं कर्नल त्या प्रोसेसरवर चाललं आणि त्याने राखीव बिटांत शून्य लिहिलं, तर त्याला माहितीच नसलेली सुविधा यूजर प्रोग्रॅमांना खुली झाली. नव्या सुविधेबरोबर बहुधा नवी रजिस्टरं येतात. ती कॉन्टेक्स्ट स्विचमध्ये जपून ठेवायची हे जुन्या कर्नलला कसं कळणार? एका प्रोसेसची स्थिती दुसऱ्यात गळेल. म्हणून लिनक्सने २०१९ मध्ये पवित्रा बदलला. ओळखीचे बिट सोडून बाकी सगळे १ असा एक मास्क केला आणि पीसीआरमध्ये जिथे जिथे लिहिलं जातं तिथे तो मिसळला.

याचा एक दुष्परिणाम ध्यानात ठेवा. आधी कोडमध्ये ‘पीसीआर शून्य नसेल तर कॉम्पॅटिबिलिटी मोड आहे’ अशी तपासणी होती. मास्क मिसळल्यावर मूल्य कधीच शून्य नसतं. तुलना आता मास्कशी करावी लागते, किंवा मास्क वगळून. कर्नलच्या जुन्या आवृत्तीत हा बदल मागे नेत (बॅकपोर्ट करत) असाल तर शून्याशी केलेली प्रत्येक तुलना हुडकून काढा.

पायरी ५: आत जाताना लिहा, बाहेर येताना पुसा

गेस्टमध्ये शिरण्याआधी पीसीआर लिहायचा आणि बाहेर आल्यावर होस्टचं मूल्य, म्हणजे फक्त मास्क, परत ठेवायचं. वाचायला एवढंच आहे.

एकदा माझ्याच बदलात बाहेर पडण्याची एक आडवाट राहिली होती. गेस्टमध्ये शिरता शिरता सिग्नल आला तर कोड लवकर परतायचा आणि पीसीआर पुसायची ओळ गाळली जायची. लक्षण काय दिसलं? होस्टवरचे साधे प्रोग्रॅम मधूनच इल्लीगल इन्स्ट्रक्शनने मरायचे. पुन्हा चालवले की चालायचे. बॅकट्रेसमध्ये कायम स्ट्रिंगची लांबी मोजणारं फंक्शन. दोन दिवस मी सी लायब्ररीवर संशय घेत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

झालं होतं ते असं. जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची सी लायब्ररी, सुरुवातीलाच हार्डवेअर क्षमतांचे बिट पाहून स्ट्रिंग फंक्शनची पॉवर ९ साठीची आवृत्ती निवडते. त्या आवृत्तीत ३.० च्या इन्स्ट्रक्शन आहेत. ज्या कोअरवर पॉवर ८ मोडचा पीसीआर तसाच राहिला होता, त्या कोअरवर प्रोसेस गेली की मेली. दुसऱ्या कोअरवर गेली तर जगली. टास्कसेट या कमांडने एकेका कोअरला बांधून तोच प्रोग्रॅम चालवला तेव्हा पाच मिनिटांत उत्तर मिळालं. तुमच्या होस्टवर असं ‘कधी मरतं, कधी नाही’ दिसलं तर लायब्ररी उकलण्याआधी हे करून बघा.

गेस्टमध्ये बंद केलेली इन्स्ट्रक्शन कुणी वापरली तर काय होतं तेही माहीत हवं. प्रोसेसर हायपरव्हायझर एम्युलेशन असिस्टन्स इंटरप्ट देतो, व्हेक्टर हेक्स ई४०. केव्हीएम ती गेस्टकडे प्रोग्रॅम इंटरप्ट म्हणून वळवतो, इल्लीगल इन्स्ट्रक्शनचा बिट लावून. मग गेस्टचं कर्नल त्या प्रोसेसला सिग्नल देतं. या वाटेत कुठेही ती इन्स्ट्रक्शन ‘चालवून देण्याचा’ मोह आवरा. त्या पिढीच्या खऱ्या प्रोसेसरवर जे झालं असतं तेच इथे व्हायला हवं.

पायरी ६: पीसीआर थ्रेडचा नाही, कोअरचा आहे

एका कोअरवरचे सगळे थ्रेड एकच पीसीआर वापरतात. म्हणून केव्हीएममध्ये पातळी आणि तिचा पीसीआर व्हर्च्युअल सीपीयूच्या रचनेत न ठेवता व्हर्च्युअल कोअरच्या रचनेत ठेवलाय, आणि बदलताना कोअरचं लॉक घेतात. याचा अर्थ एका व्हीसीपीयूवर मूल्य लावलं की त्याच व्हीकोअरमधल्या शेजाऱ्यांचंही बदललं. क्वेमू सगळ्या व्हीसीपीयूंवर एकच मूल्य लावत जातो, त्यामुळे एरवी हे जाणवत नाही. स्वतःचा व्हर्च्युअल मशिन मॉनिटर लिहीत असाल तर मात्र, व्हीसीपीयू धावत असताना पातळी बदलू नका. आधी सगळे थांबवा.

हॉटप्लग, म्हणजे चालू गेस्टला सीपीयू जोडणं, ही इथली लपलेली मेख. गेस्ट पॉवर ८ मोडमध्ये वाटाघाटी करून बसलाय आणि तासाभराने तुम्ही त्याला आणखी एक कोअर दिलात. नवा कोअर जन्मतो तो बंधनाशिवाय. त्याला पहिल्या सीपीयूची पातळी लावूनच गेस्टच्या हवाली करायचं.

पायरी ७: वाटाघाटी

बूट होताना गेस्ट फर्मवेअरला एक कॉल करतो, क्लायंट आर्किटेक्चर सपोर्ट. त्यात तो आपल्याला चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देतो: मास्क (कोणते बिट ताडायचे) आणि मूल्य अशा जोड्या. हायपरव्हायझर प्रत्येक जोडीशी ताडून पाहतो आणि कमाल मर्यादेच्या आतली सगळ्यात वरची पातळी निवडतो. क्वेमूमध्ये ही मर्यादा मशिनच्या पर्यायात ‘मॅक्स सीपीयू कॉम्पॅट’ म्हणून देतात.

यादी कुठे संपते ते ओळखायची युक्ती जरा विचित्र आहे. जिथे मूल्यातला एखादा बिट मास्कच्या बाहेर पडतो ती शेवटची नोंद. लिनक्सच्या यादीत शेवटी मास्क आहे एफएफएफएफएफएफएफई आणि मूल्य ०एफ०००००१. मूल्याचा शेवटचा बिट १, मास्कचा ०. संपलं. पार्सर लिहिताना हे विसरलात तर गेस्टची पुढची मेमरी यादी समजून वाचत सुटाल. मोजणीवर कमाल मर्यादाही घाला. गेस्टने दिलेल्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवायचं कारण नाही.

पातळी ठरली की ती सगळ्या सीपीयूंवर लावा आणि मगच डिव्हाइस ट्री बनवा. सीपीयूच्या नोडमधली आवृत्तीची नोंद, थ्रेडांची संख्या, सगळं नव्या पातळीचं हवं. पॉवर ६ मोडमध्ये कोअरला २ थ्रेड, पॉवर ७ मध्ये ४, पॉवर ८ पासून पुढे ८. ८ थ्रेडांचा कोअर देऊन पॉवर ७ मोड मागितला तर गेस्टला पहिले ४ च दाखवावे लागतात. पुष्कळांना वाटतं निम्मे सीपीयू हरवले.

गेस्ट रीबूट झाला की मर्यादेपासून पुन्हा सुरुवात. मागची वाटाघाटी पुढे ओढू नका. पुढच्या वेळी बूट होणारं कर्नल वेगळं, कदाचित फार जुनं असू शकतं.

पायरी ८: पीसीआरच्या आवाक्याबाहेरचं

मेमरीचे पत्ते शोधण्यासाठीचं रेडिक्स पेज टेबल पॉवर ९ पासून आलं. पॉवर ८ मोडमधल्या गेस्टला हॅश टेबलच हवं. झाईव्ह इंटरप्ट कंट्रोलरचंही तसंच: जुन्या मोडमध्ये झिक्स या जुन्या कंट्रोलरवर उतरा. या दोन्हींचा पीसीआरशी संबंध नाही, कारण त्या कर्नलच्या बाजूच्या गोष्टी आहेत. वाटाघाटीचा कोड आणि मशिनची मांडणी यांनीच त्या सांभाळायच्या. काही सुविधांना हायपरव्हायझर फॅसिलिटी रजिस्टरमध्ये स्वतंत्र बिटही असतो, उदाहरणार्थ ३.१ च्या प्रीफिक्स्ड इन्स्ट्रक्शन. तो बिट आणि पीसीआर दोन्ही एकाच दिशेने बोलताहेत ना, ते पाहा.

आणि रजिस्टर फक्त वजा करू शकतं, भर घालू शकत नाही. ट्रान्झॅक्शनल मेमरी पॉवर ८ ला होती, ३.१ मध्ये आर्किटेक्चरमधूनच काढली. पॉवर १० वर पॉवर ८ मोड लावून ती परत येणार नाही. क्वेमूमध्ये तिच्यासाठी वेगळी क्षमता नोंद आहे. मिश्र ताफ्यात फिरणारा गेस्ट असेल तर ती सुरुवातीपासून बंद ठेवा, नाहीतर गेस्टला दिलेली वस्तू मायग्रेशनच्या दिवशी काढून घ्यायची वेळ येईल.

पायरी ९: मायग्रेशन

पॉवर ९ आणि पॉवर १० च्या होस्टांमध्ये गेस्ट फिरवायचा असेल तर मर्यादा पहिल्या बूटच्या आधी ठरवा. चालू गेस्टची पातळी उतरवता येत नाही. त्याच्या प्रोग्रॅमांनी सुरुवातीला क्षमता वाचून आपापले निर्णय घेऊन टाकलेले असतात. ठरलेला तार्किक पीव्हीआर प्रवाहातून पाठवा, आणि पीसीआरचं मूल्य मात्र पाठवू नका. कारण पीसीआर होस्टसापेक्ष आहे. पॉवर ८ गेस्टसाठी पॉवर ९ वर तो ८ येतो, पॉवर १० वर हेक्स १८. पलीकडच्या होस्टने वजाबाकी आपली आपण करायची. नाकारायचं असेल तर गेस्ट सुरू होण्याआधी, स्पष्ट संदेश देऊन नाकारायचं.

पायरी १०: चाचणी

एक छोटा प्रोग्रॅम पुरतो. सिग्नल हँडलर लावा, आणि प्रत्येक पिढीची एकेक यूजर इन्स्ट्रक्शन इनलाइन असेंब्लीतून चालवा: २.०६ साठी डबलवर्डमधले बिट मोजणारी पॉपकाउंट-डी, ३.० साठी यादृच्छिक आकडा देणारी डार्न. पॉवर ९ वर पॉवर ८ मोडमध्ये पहिली चालली पाहिजे, दुसरी पडली पाहिजे. ज्या होस्टवर पॉवर ६ मोड मिळतो तिथे त्या मोडमध्ये दोन्ही पडल्या पाहिजेत. मग तोच निकाल ऑक्झिलरी व्हेक्टरमधल्या (कर्नल प्रत्येक प्रोग्रॅमला सुरुवातीला देतं त्या माहितीतल्या) क्षमतांशी ताडून पाहा. जे पडलं त्याचा बिट तिथे दिसता कामा नये. तिथला प्लॅटफॉर्म ‘पॉवर८’ म्हणेल आणि बेस प्लॅटफॉर्म खरा प्रोसेसर सांगेल. हा फरक बरोबर आहे, त्याला दुरुस्त करू नका.

चाचणी गेस्टमध्ये संपली की तोच प्रोग्रॅम होस्टवर, प्रत्येक कोअरला बांधून, गेस्ट चालू असतानाच फिरवा. होस्टवर एकही इन्स्ट्रक्शन पडता कामा नये. माझी ती राहून गेलेली आडवाट पकडली गेली असती ती याच ओळीत, म्हणून आता ही चाचणी माझ्या स्क्रिप्टमध्ये दर वेळी धावते. त्यानंतर कोअर हॉटप्लग करून पुन्हा, गेस्ट रीबूट करून पुन्हा, आणि गेस्टमध्ये मुद्दाम क्रॅश घडवून केडम्पचं (क्रॅशनंतर मेमरी जपून ठेवणारं दुसरं) कर्नल वर आल्यावर एकदा.